कंपनीचा जुना लॅपटॉप घेतलाय आणि उघडत नाहीये?

कोपरखैरणेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. ऐरोली-महापेच्या कंपन्या मशीन बदलतात, जुनी लॉटमध्ये व्यापाऱ्यांकडे जातात आणि तिथून आपल्या हातात येतात. माल दणकट असतो, मी स्वतः असाच लेनोव्होचा एक थिंकपॅड वापरतो. पण पुष्कळदा आधीच्या मालकाचं कुलूप तसंच राहिलेलं असतं, आणि पासवर्ड दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, "फॉरमॅट मारून द्या."

फॉरमॅटनं एकच कुलूप निघतं, विंडोजचं. मशीन नीट चालू होऊन कुणाचं तरी नाव आणि पासवर्डची चौकट आली, तर ते हे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि निदान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करा. तो लावून मशीन चालू करतानाच डेल किंवा थिंकपॅडवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. विंडोज कुठे टाकायचं असं विचारलं की आतल्या डिस्कचे सगळे भाग डिलीट करा. त्याआधी बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा, चुकून तीच पुसली गेली तर तुमचे फोटो गेले. प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोजचा परवाना क्रमांक, मागितली तर 'माझ्याकडे नाही' निवडा. मशीनसोबत विंडोज प्रो आलं असेल तर प्रोच टाका, ती की बहुतेक वेळा मदरबोर्डमध्येच असते. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून घेतानाच विंडोज ११ चालेल असं, इंटेलचं असेल तर आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन बघा. जुन्या मालकाच्या फायली उघडायच्या भानगडीत पडू नका. त्या पुसल्या जाणंच योग्य.

विंडोज यायच्या आधीच, काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला, तर तो बहुधा बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागं करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा. जुन्या डेस्कटॉपवर सेल काढला की तो जायचा. बिझनेस लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो, वीज तोडली तरी टिकतो. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, हरवला तर लेनोव्होचं उत्तर एकच, मदरबोर्ड बदला. असं मशीन आल्या पावली विकणाऱ्याला परत करा.

तिसरं कुलूप सगळ्यात फसवं. घणसोलीच्या एक मावशी मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. झाकणावर स्टिकर खरवडल्याचा चिकट चौकोन होता. मी विंडोज नव्यानं टाकलं, सगळं सुरळीत. वायफाय जोडलं आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव आलं, खाली त्यांचा ईमेल मागणारी चौकट. मावशींचा चेहरा उतरला.

याला ऑटोपायलट म्हणतात. कंपनीनं त्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवलेली असते. नोंद लॅपटॉपमध्ये नसतेच, त्यामुळे डिस्क बदला नाहीतर दहा वेळा फॉरमॅट मारा, इंटरनेट जोडलं की ती परत येते. नेट न जोडता सेटअप करायच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत, पण त्यानं नोंद पुसली जात नाही. पुढच्या रिसेटला पुन्हा तोच पडदा, आणि कागदावर मशीन त्यांचंच. मी ते करून देत नाही.

नोंद ती कंपनीच काढू शकते. नाव पडद्यावर असतंच, त्यांच्या आयटी विभागाला सरळ ईमेल करा: मॉडेल, खालचा सिरियल नंबर, बिलाचा आणि पडद्याचा फोटो, आणि एक ओळ, 'हे मशीन तुम्ही विकलं असल्यास इंट्यून आणि ऑटोपायलट दोन्हींतून काढावे.' इंट्यून म्हणजे कंपन्या आपली मशीनं सांभाळतात ती मायक्रोसॉफ्टची सेवा. मावशींना पाचव्या दिवशी होकार आला. पुन्हा विंडोज टाकलं, तेव्हा त्या चौकटीच्या जागी नेहमीचा सेटअप आला. कंपनीनं मशीन चोरीला गेल्याचं कळवलं, तर मात्र ते परत द्यायचं आणि पैसे विक्रेत्याकडे मागायचे.

हे सगळं टाळायचं तर पैसे देण्याआधी दुकानातच मशीन रिसेट करायला लावा, आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि पुढचे दोन-तीन पडदे येईपर्यंत काउंटर सोडू नका. मशीन चालू करताना डेलवर एफ२, थिंकपॅडवर एफ१, एचपीवर एफ१० दाबून बायोस पासवर्ड मागतं का तेही बघा. आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. मावशींच्या बिलावर नुसतं 'जुना लॅपटॉप १ नग' होतं. नंबर घालून घ्यायला त्यांना भर उन्हात पुन्हा वाशीला जावं लागलं.