ग्रॅज्युएशननंतर आर्मी: जवान का ऑफिसर, आधी जन्मतारीख बघा मग ठरवा

मागच्या आठवड्यात एक पोरगं वडलांना घेऊन घरी आलं, कोरेगावकडचं, बीकॉमच्या लास्ट इयरला. हातात प्लास्टिकची फाईल, त्यात सगळ्या मार्कशीट, जातीचा दाखला, डोमिसाईल, एनसीसीचं सर्टिफिकेट. पोरगं म्हणालं, काका, सोळाशे मीटर पाच वीसला मारतो, पुलअप बारा होतात, भरतीत कितपत चान्स आहे सांगा. मी पहिल्यांदा जन्मतारीख विचारली. बावीस पूर्ण होऊन सात महिने झालेले. तीन वर्षं पोरगं पहाटे उठून पळतंय, अकॅडमीची फी भरतंय, आणि ज्या भरतीसाठी पळतंय तिचं वय निघून गेलंय हे कुणी त्याला सांगितलंच नाही.

त्याच दिवशी ठरवलं की हे एकदा नीट लिहून टाकायचं. मी स्वतः साताऱ्यात बीए करून शिपाई म्हणून भरती झालो, १७ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. त्या नोकरीचा मला अभिमान आहे, उद्या परत बोलावलं तरी जाईन. पण सीडीएस, म्हणजे ग्रॅज्युएट पोरांची ऑफिसर व्हायची परीक्षा, हा शब्द मी पहिल्यांदा बेळगावला सेंटरमध्ये ट्रेनिंग करताना ऐकला. तीन वर्षं कॉलेजात होतो, एकाही सरांनी सांगितलं नाही की बीए झालेला पोरगा थेट ऑफिसरची परीक्षा देऊ शकतो. हे मला आजपण लागतं, आणि वीस वर्षांनी आलेल्या पोराच्या बाबतीत तेच घडतंय म्हणून जास्त लागतं.

तर पहिलं काम, वय. अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठीची जवानाची भरती, २०२२ ला सुरू झाली तेव्हा साडेसतरा ते २१ असं वय ठरलं, फक्त त्या पहिल्या वर्षी २३ पर्यंत सूट दिली होती. दरवेळच्या नोटिफिकेशनमध्ये अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जन्मलेले असं स्पष्ट लिहिलेलं असतं, मित्र काय म्हणतो ते सोडा, त्या दोन तारखांमध्ये आपली तारीख बसते का ते स्वतः बघा. बारावीनंतर सरळ डिग्री केलेला पोरगा ग्रॅज्युएट होईपर्यंत २१ च्या आसपास येतो, म्हणजे हे दार जवळजवळ बंद व्हायला आलेलं असतं. ऑफिसरचं दार मात्र त्याच वेळी उघडतं. सीडीएसमधून डेहराडूनच्या आयएमएसाठी साधारण १९ ते २४ आणि चेन्नईच्या ओटीएसाठी २५ पर्यंत, या दोन्ही ऑफिसरच्या ट्रेनिंग अकॅडमी. लास्ट इयरला असताना पण फॉर्म भरता येतो. आयएमएला लग्न झालेलं चालत नाही, हे आपल्याकडं मुद्दाम सांगावं लागतं.

आता कामातला फरक. लोक समजतात ऑफिसर म्हणजे नुसती वरची पायरी, तसं नाही, दोन्ही वेगळ्या नोकऱ्या आहेत. जवानाला आपलं हत्यार, आपलं काम, आपला ट्रेड यात पक्कं व्हावं लागतं. ऑफिसरला पहिल्या दिवसापासून माणसं सांभाळायची असतात. आमच्या कंपनीत एक लेफ्टनंट आला होता, तेवीस वर्षांचा, मिसरूड नीट फुटलं नव्हतं. थंडीत गस्तीवरून आलो की सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावायचा आणि टॉर्च घेऊन एकेकाचे पाय बघायचा, बोटांच्या मधी सुद्धा, कुणाची कातडी पांढरी पडली का, कुणाला फोड आलाय का. तीसेक माणसांचे पाय बघून झाले की मग स्वतःचे बूट काढायचा. त्यानंतर रिपोर्ट लिहायला बसायचा, आम्ही झोपलेलो असायचो. ज्या पोराला चार लोकांची जबाबदारी अंगावर घ्यायला आवडतं, गावात गणपतीची वर्गणी असो नाहीतर कुणाला रात्री सिव्हिलला न्यायचं असो, आपसूक पुढं होतो, त्यानं ऑफिसरचा नाद सोडू नये. आणि ज्याला अंगमेहनतीचं, हातातलं, नेमून दिलेलं काम चोख करण्यात समाधान वाटतं आणि वय बसतंय, त्यानं जवान व्हावं, त्यात काहीही कमी नाही.

पैशाचं पण बोलू, कारण घरात शेवटी तेच विचारतात. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेत, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,००० होतात, हातात २८,०००. चार वर्षांनी कापलेले आणि तेवढेच सरकारचे मिळून १० लाखांच्या वर रक्कम मिळते, पेन्शन नाही, आणि जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना पुढं कायम ठेवतात. म्हणजे बाकीच्यांना पंचविशीच्या आत परत दुसरी नोकरी शोधायची आहे, हे घरच्यांसमोर आधीच बोलून घ्या. लेफ्टनंटचा बेसिक ५६,१०० आणि वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, भत्ते वेगळे. ओटीएवाल्याची नोकरी १० वर्षांची, पुढं ४ वाढवता येतात. आयएमएवाल्याची कायमची.

"आधी भरती हो, मग आतून साहेब हो" असं गावात सर्रास सांगतात. एसीसी म्हणून रस्ता खराच आहे, नोकरीत असलेल्या जवानांसाठी, पण त्याला जागा थोड्या, वयाची अट २७, आणि फील्डला पोस्टिंग असलं की पुस्तक उघडायला वेळ कुठनं आणणार. मी त्याच आशेवर होतो, माझं वय निघून गेलं. ग्रॅज्युएट पोरानं या भरवशावर राहू नये.

आता सीडीएस नेमकं काय. यूपीएससी वर्षातनं दोनदा घेते, फॉर्म ऑनलाईन, फी २०० रुपये, मुलींना आणि एससी-एसटीला माफ. इंग्लिश, जीके आणि मॅथ्स असे तीन पेपर, प्रत्येकी १०० मार्क आणि दोन तास, सगळं ऑब्जेक्टिव्ह, चुकलं की एक तृतीयांश मार्क कटतो. मॅथ्स दहावीच्या लेव्हलचं असतं. आणि बीएवाल्यांनी हे नीट वाचा, ओटीएला मॅथ्सचा पेपर मोजतच नाहीत, फक्त इंग्लिश आणि जीके. मॅथ्सच्या भीतीनं फॉर्म न भरलेली किती पोरं मला भेटलीत. मुलींना सीडीएसमधून ओटीएच आहे. आपल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लेकरं असताना एसएसबी (ऑफिसरच्या निवडीची मुलाखत) पास होऊन २०१७ ला चेन्नईतनंच लेफ्टनंट झाल्या, हे साताऱ्यातल्या प्रत्येक मुलीला माहीत पाहिजे.

ज्याच्याकडं एनसीसीचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडचं आहे आणि डिग्रीला ५० टक्के आहेत त्याला लेखी परीक्षाच नाही, एनसीसी स्पेशल एन्ट्रीतनं अर्ज शॉर्टलिस्ट झाला की सरळ एसएसबी. हे सर्टिफिकेट भरतीच्या बोनस मार्कांसाठी फाईलमध्ये ठेवून देणारी पोरं आपल्याकडं भरपूर आहेत. इंजिनिअरिंगवाल्यांना टीजीसी आणि एसएससी टेक या ऑफिसरच्या वेगळ्या एन्ट्री आहेत, वय २७ पर्यंत.

एसएसबी म्हणजे पाच दिवसांची मुलाखत. आपली पोरं इथंच घाबरतात, इंग्लिशला. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, एक अंधुक चित्र दाखवतात, गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये बोलायचं, निम्म्याहून जास्त पोरं त्याच दुपारी परत येतात. पुढं १५ सेकंदाला एक असे ६० शब्द, मनात पहिलं काय येतं ते लिहायचं, मग मैदानावर ग्रुप टास्क, मग मुलाखत. इंग्लिश साधं चालतं पण बोलता आलं पाहिजे, म्हणून आजपासून रोज घरात पंधरा मिनिटं मोठ्यानं बोला, विषय आपलेच घ्या, ऊसदर, कोयनेचं पाणी, माण-खटावचा दुष्काळ, तुमच्या गावात शाळा किती आणि दवाखाना किती लांब. मुलाखतीत हेच विचारतात, आणि मुंबईच्या पोरापेक्षा शेतात राबलेल्या पोराकडं सांगण्यासारखं जास्त असतं, फक्त ते त्याला तोंडातनं बाहेर काढता येत नाही. एखाद्या एन्ट्रीतनं एसएसबीला पहिल्यांदा जाताय तर रेल्वेचं थर्ड एसीचं भाडं मिळतं, तिकीट जपून ठेवा.

क्लास लावायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं सीडीएस आणि एसएसबीची तयारी राहण्या-जेवणासकट फुकट करून घेतात, निवड याच ऑफिसमधनं होते. हजारो रुपये भरणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं.

अग्निवीरचं वय अजून आहे त्यांनी दोन्ही फॉर्म भरा, एकानं दुसरं अडत नाही. सातारा-सांगलीची भरती कोल्हापूरच्या एआरओकडनं, म्हणजे आर्मीच्या भरती ऑफिसकडनं होते, आता आधी ऑनलाईन परीक्षा आणि मग मैदान, म्हणजे नुसतं पळून भागत नाही. साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे मारलं तर ६० मार्क, दहा पुलअपला ४०.

दोन्हीकडं नडणारी गोष्ट म्हणजे टॅटू. दंडावर राजमुद्रा गोंदवून घेतलेली चांगली चांगली पोरं मेडिकलला घरी आली. कोपराच्या खाली आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चालतं, बाकी कुठं काढू नका. आणि तीन लाखात काम करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका, माझ्या नात्यातल्या एकानं म्हस विकून पैसे दिले होते, ना नोकरी ना पैसे.

त्या कोरेगावच्या पोराचे वडील सगळं ऐकून म्हणाले, साहेब व्हायला साहेबाचंच पोरगं लागतं ओ हवालदार. मी त्यांना म्हणलं, आमच्या लेफ्टनंटचे वडील एसटीत कंडक्टर होते. मग ओसरीवर बसूनच पोराच्या मोबाईलवर फॉर्म भरायला घेतला. फोटो दोनदा अपलोड होईना, तिसऱ्यांदा झाला. फी वडलांनी खिशातनं शंभराच्या दोन नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या, मी फोनवरनं भरली. सी सर्टिफिकेट फाईलीत होतंच, एनसीसीच्या एन्ट्रीची तारीख त्याच्या वहीत लिहून दिली.