मृगापूर्वी बांधावरचा तरवड उपटू नये

रोहिणी नक्षत्र लागले की माण-खटावपासून जत-सांगोल्यापर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात बांध साफ करण्याची घाई सुरू होते आणि त्यात पहिला बळी पिवळ्या फुलांच्या तरवडाचा जातो. वाहून गेलेली बाजरीची जी शेते मी पाहिली, त्यांतील बहुतेकांच्या बांधावर त्याच उन्हाळ्यात जेसीबी तरी फिरला होता किंवा तणनाशक तरी मारले होते. एका फुटलेल्या बांधाच्या कडेला मेलेल्या तरवडाची मुळे लोंबत होती व हात लावताच काडीसारखी तुटत होती. खालच्या शेतात दोन पानांवर आलेली बाजरी वीतभर गाळाखाली गेली होती. त्याच बांधाचा तरवड राखलेला तुकडा मात्र जागेवर उभा होता.

तरवड उतारावरच्या मुरमात खोल मुळे धरतो आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणावाचून टिकणारे असे दुसरे फुकटचे झुडूप बांधाला मिळणे कठीण आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून मुळांपर्यंत उतरते; वरून बांध स्वच्छ दिसतो आणि आतून पोकळ होत जातो. दुकानदार डबा विकून मोकळा होतो, बांध पुन्हा घालण्याचा खर्च आपल्या माथी येतो.

झुडूप दाट झाले असल्यास जमिनीपासून वीतभर खोड राखून छाटावे, ते पुन्हा फुटते. कोवळा पाला हेक्टरी ५ टनांपर्यंत हिरवळीचे खत म्हणून ओल असताना गाडावा. तरवड शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी जिवाणू खताची पाकिटे घेऊ नयेत.

इतर कामे: सांडवा (बांधातून जादा पाणी काढून देणारी वाट) मोकळा करणे, उताराला आडवी पेरणी, बाजरीचे बियाणे २० टक्के मिठाच्या द्रावणात बुडवून, तरंगणारे काढून, धुऊन सावलीत वाळवणे, तुरीच्या बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत प्रतिकिलो २५ ग्रॅम लावणे.

छाटलेल्या खोडाला वळवानंतर बोटभर फूट आली की ओल खोल गेली, असे मी समजतो. तरीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये.

पावसाळ्यात तरवडावर हिरव्या अळ्या दिसतात आणि लष्करी अळी आली म्हणून फवारणी गळ्यात मारली जाते. त्या फिकट पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या असून तरवड, टाकळा, बहावा यांसारख्या झाडझुडपांवर जगतात. बाजरीवर उतरत नाहीत. शिवाय फुलांवर परागासाठी भुंगे घोंघावत असतात, त्यांच्यावर विष उडवू नये.

बांध आधीच उघडा पडला असल्यास वाळलेल्या चपट्या शेंगांतील बी काढावे, पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बी टाकून रात्रभर ठेवावे आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर बांधाच्या माथ्यावर दीड-दोन फुटांवर टोकावे. सोटमूळ असल्याने रोपे उपटून लावण्याच्या भानगडीत पडू नये.