धनुष्याचं लाकूड: झाडापासून फाकेपर्यंत

धनुष्याचं लाकूड करवतीनं चिरून काढू नये, पाचरी ठोकून फोडावं. ‘एखादी सरळ फळी आणा आणि आकार द्या’ असं सांगणारे खूप भेटतात, म्हणून हे आधीच बजावतो. करवत तुम्ही मारलेल्या रेघेवरून जाते. लाकडाचे तंतू कुठल्या दिशेला चाललेत याचं तिला देणंघेणं नसतं. धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडे असणारी बाजू, ताणली जाते आणि तुमच्याकडचं पोट दाबलं जातं. पाठीवरचे तंतू मधेच कापलेले असले तर तिथून कपची उचलते आणि धनुष्य मोडतं. पाचरीची भेग तंतूंच्या मधून वाट काढते. त्यामुळे फोडलेली बाजू वेडीवाकडी दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

झाड निवडताना आधी साल बघा. सालीवरच्या खाचा सरळ वर गेल्या असतील तर आतले तंतूही बहुधा सरळच असतात. त्या खोडाभोवती वळत गेल्या असतील तर आत पीळ आहे. थोडा पीळ पुढे उष्णता देऊन काढता येतो; धनुष्याच्या लांबीत पाव फेरा असेल तर ते झाड सोडून द्या. कललेलं झाड घेऊ नका. कललेल्या खोडात एका बाजूला वेगळ्याच घडणीचं लाकूड तयार होतं आणि ते वाळताना हमखास वाकतं. कापलेल्या टोकावर मधला भेंड, म्हणजे खोडाच्या अगदी मध्यावरचा मऊ गाभा, एका कडेला सरकलेला दिसला तर समजा, झाड कललेलं होतं. खोड १५ ते २० सेंमी जाडीचं आणि किमान १८० सेंमी बिनगाठीचं मिळालं तर उत्तम. जातीबद्दल फार वाद घालू नका. यू आणि ओसेज ऑरेंज यांचा लौकिक मोठा आहे, पण ॲश, एल्म, हिकरी, तुती, ब्लॅक लोकस्ट यांचीही उत्तम धनुष्यं होतात. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्मचीच आहेत.

झाड तोडण्याची परवानगी काढलेली आहे आणि ते सुरक्षितपणे पाडता येतं, असं धरून पुढे जातो.

ओंडका कापला की दोन्ही टोकांना लगेच लाकूड चिकटवायचा डिंक किंवा लाखेचं रोगण जाड थापा. ‘उद्या लावू’ चालत नाही. ओल बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी पटींनी लवकर निघून जाते, टोकं आधी आकसतात आणि तडकतात. तो तडा आत शिरला की लांबीतले १०-१५ सेंमी गेलेच.

आता फोडणं. सगळ्यात जास्त लाकूड इथेच वाया जातं, आणि मलाही हे जमायला वेळ लागला. ‘ओंडका अख्खाच वाळू द्या, मग फोडा’ हा सल्ला तर कानामागेच टाका. लाकूड वाळताना वलयांच्या, म्हणजे खोडातल्या वर्षावर्षाच्या वाढीच्या गोल रेघांच्या, दिशेनं जितकं आकसतं, ते गाभ्यापासून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. म्हणून गोल ओंडका वाळताना तडकणारच, आणि कुठे तडकेल ते तुमच्या हातात राहत नाही. ओला असतानाच फोडा. ओलं लाकूड फुटतंही सहज.

सामान थोडकंच: घण, तीन-चार लोखंडी पाचरी, दोन-तीन जाड लाकडी पाचरी, छोटी कुऱ्हाड. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून पसरलं असेल तर त्याच्या कडा आधी घासून काढा. घाव बसला की त्यातूनच लोखंडाची कपची उडते. डोळ्यांवर चष्मा हवाच. कुऱ्हाडीचा माथा घण म्हणून वापरू नका.

पहिली भेग कुठून न्यायची हे ठरवण्यात घाई करू नका. ओंडका जमिनीवर फिरवत सालीवरच्या गाठी आणि जुन्या फांद्यांचे वण बघा. सगळ्यात स्वच्छ पट्टा खडूनं आखा. तो पट्टा फाकेच्या, म्हणजे फोडून निघणाऱ्या लांब तुकड्याच्या, मधोमध यावा आणि गाठी कडेला जाव्यात, अशा बेतानं टोकावर भेंडातून जाणारी रेघ मारा. भेग भेंडातूनच गेली पाहिजे. मी शेंड्याकडच्या टोकापासून सुरू करतो, तिथे भेग जास्त आटोक्यात राहते असा माझा अनुभव आहे. रेघेवर आधी कुऱ्हाडीच्या पात्यानं खाच पाडा, मग पाचर ठेवून हलके घाव घाला.

दोन घावांमध्ये थांबा. पाचर बसली की ओंडका आतून कुरकुरतो, आणि घण खाली ठेवला तरी भेग बोटभर पुढे सरकताना दिसते. तो आवाज थांबला की पुढचा घाव. दणादण ठोकत राहिलात तर भेग तंतूंची वाट सोडून जवळच्या गाठीकडे पळते. टोक हातभर उघडलं की दुसरी पाचर बाजूनं भेगेत बसवा. ती आत गेली की मागची आपोआप सैल होते. ती काढून आणखी पुढे लावा. दर वेळी ओंडका पालथा करून खालची भेगही तपासा. वर सरळ आणि खाली भलतीकडे, असं सर्रास होतं. तसं झालं तर पुढची पाचर खालच्या बाजूनं ठोका.

भेगेच्या आत एका अर्ध्यातून दुसऱ्यात गेलेले तंतू दिसतील. एल्ममध्ये तर अक्षरशः जाळं असतं. ते ओढून तोडू नका, एकेक करून कुऱ्हाडीनं कापा. जोर लावून दोन अर्धे फाकवलेत तर एखादा तंतू लांब पट्टा सोलत थेट पाठीपर्यंत जातो आणि ती फाक बाद होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नेहमी समान दोन भाग करा. अर्धे, मग चतकोर, आणि ओंडका जाड असेल तरच आठ. एका बाजूनं नेमकी हवी तेवढी पातळ फाक काढायला गेलात तर भेग पातळ बाजूकडे सरकत जाते आणि मधेच बाहेर पडते. कारण साधं आहे: पातळ बाजू जास्त वाकते, आणि भेग जास्त वाकणाऱ्या बाजूकडे वळते. भेग भरकटलीच तर हाच नियम उलटा वापरा. पातळ बाजू जमिनीवर किंवा दुसऱ्या ओंडक्याला टेकवून घट्ट दाबून धरा आणि जाड बाजू ओढून वाकवा. भेग हळूहळू मधे परत येते. मात्र ती थोडी सरकली तेव्हाच हे करा; कडेला पोहोचल्यावर उपयोग नाही.

पाठीची रुंदी ७-८ सेंमी राहिली की फोडणं बंद करा. एका चतकोरातून दोन धनुष्यं काढायचा मोह फार होतो, पण अरुंद फाकेत गाठ किंवा वाक चुकवायला जागाच उरत नाही.

मोसंबीच्या फोडीसारखी ती फाक हातात आली की तिचं टोकदार पोट, भेंडासकट, कुऱ्हाडीनं उतरवून टाका. भेंडाजवळचं लाकूड वाळताना तडकतं आणि त्याचा धनुष्याला काही उपयोगही नसतो.

ॲश, एल्म, हिकरीला सालीखालचं पहिलं वलय हीच पाठ. साल काढा, पात्याचा ओरखडाही लाकडावर उठू देऊ नका. झाड वाढीच्या काळात तोडलेलं असेल तर साल हातानं सुटते. ओसेज, ब्लॅक लोकस्ट आणि तुतीचं बाहेरचं फिकट लाकूड काढून गडद लाकडातल्या एकाच अखंड वलयापर्यंत जावं लागतं. कुठल्याही जातीची पाठ उघडी केली की त्याच दिवशी तिच्यावर लाखेचं रोगण द्या, नाहीतर तिच्यावर बारीक उभ्या चिरा पडतात. साल ठेवून वाळवायचं असेल तर तिच्याखाली किडे शिरतात, लक्ष ठेवा.

वाळवायला सावली आणि हलता वारा पुरे. फाक जमिनीपासून उंच, आडव्या पट्ट्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला वजन करून तिच्यावरच पेन्सिलनं लिहा. लागोपाठ तीन आठवडे वजन बदललं नाही तर ती आसपासच्या हवेइतकी कोरडी झाली. धनुष्याला ८ ते १० टक्के ओल योग्य. तोवर ती वाकवून बघू नका. ओलसर लाकूड वाकवलं की त्याला कायमचा बाक राहतो, आणि बाण सोडण्याची ताकद तितकीच कमी होते.