आयटी बाहेर देताय? आधी रात्रपाळी मोजा

बारा वर्षं मी दुसऱ्यांचे सर्व्हर रात्री जागून सांभाळले. आता ग्राहकाच्या खुर्चीत बसून तेच काम बाहेरच्या कंपनीला देते. कंपन्या आयटी बाहेर का देतात, तर पगार वाचतो म्हणून, असं सगळे सांगतात. वाचतो खरा, पण हिशेब तिथून सुरू करू नका.

आठवड्याचे तास 168. एक माणूस भरतो 40. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर चार माणसंही पुरत नाहीत. रजा, आजारपण धरलं की पाच-सहा लागतात, आणि छोट्या कंपनीत रात्री तीनला त्यांना काम काय, तर जांभया! सेवा देणारी कंपनी तीच खुर्ची दहा ग्राहकांत वाटते. परदेशी दिलं तर तुमची रात्र तिथे दिवस असते. (कागदावर. मी मात्र रात्रीच जागले, कारण ग्राहकाला त्याच्या दिवसा बोलायचं असायचं.)

मोठ्यांचं कारण वेगळं. कोडॅकने 1989 साली आपली डेटा सेंटर चालवायला आयबीएमकडे दिली. कॉम्प्युटर सांभाळणं हा फिल्मवाल्यांचा धंदा नव्हे, हा त्यामागचा विचार.

काय द्यायचं? जे चार पानांत पायरीपायरीने लिहिता येतं ते: बॅकअप, पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवणं), पासवर्ड रीसेट. जे लिहिता येत नाही, ते अजून तुम्हालाच नीट कळलेलं नाही. तो गुंता बाहेर दिलात, तर गुंताच परत येतो, बिलासकट.

करारातला, सेवा किती वेळ चालू राहील याचा 99.9 टक्के आकडा ऐकायला गोड लागतो, पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास बंद पडायची मुभा आहे. 99.5 म्हटलं की जवळजवळ 44 तास. हे तास पगाराच्या दिवशी आले तर चालेल का, ते सहीआधी विचारा. तिकीट (म्हणजे नोंदवलेली तक्रार) किती वेळात बंद झालं यावरही भाळू नका. मुदत संपत आली की ‘अधिक माहिती हवी’ असं लिहून मी स्वतः घड्याळ थांबवलंय. परत उघडलेली तिकिटं मोजा, खरं तिथे दिसतं.

डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि अ‍ॅडमिन खाती (सगळे अधिकार असलेली) स्वतःच्या नावावर ठेवा. आमच्या एका ग्राहकाने करार मोडला, तेव्हा कळलं की त्याचं डोमेन आमच्याकडून केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या एकाच्या ईमेलवर नोंदवलेलं होतं.