लहान आस्थापनेचं पगारपत्रक कसं बांधावं: आधी किमान वेतन, मग बाकी सगळं

'हातात तेरा हजार ठरलंय, बाकी कागद तुम्ही बघा.' पगारपत्रक करून मागणारे बहुतेक मालक इथून सुरुवात करतात. मग त्या तेरा हजारांवरून उलटं चालत मूळ पगार, घरभाडं, प्रवास असे तुकडे पाडले जातात. ही पद्धत सोडा. पगारपत्रक खालून वर बांधायचं असतं. कायद्याने किमान किती द्यायचं ते आधी काढायचं, त्यावर तुमचे चार पैसे घालायचे, मग कपाती करायच्या. हातात काय पडतं ते सगळ्यात शेवटी दिसतं.

महाराष्ट्रात ज्यांचं दुकान, दवाखाना, बेकरी, छापखाना किंवा छोटं ऑफिस आहे आणि दोन-चार ते पंधरा-वीस माणसं कामाला आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ईपीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) केंद्राचे विषय आहेत, ते इथे घेत नाही.

पहिली पायरी: हजेरीपट

रोजचा रोज भरा. महिनाअखेरीस आठवून भरलेला हजेरीपट कुणीही ओळखतो.

दुसरी पायरी: तुमची अधिसूचना शोधा

राज्यात सगळ्यांना मिळून एकच किमान वेतन नाही. साठाहून अधिक अनुसूचित, म्हणजे सरकारी यादीतले, उद्योग आहेत आणि प्रत्येकाची अधिसूचना, म्हणजे दर ठरवणारा सरकारी आदेश, वेगळी आहे. दुकाने व वाणिज्यिक आस्थापनांची एक, हॉटेल-खानावळींची दुसरी, बेकरीची तिसरी, खासगी रुग्णालयांची आणखी वेगळी. कामगार विभागाच्या संकेतस्थळावर त्या मिळतात. शेजारच्या दुकानदाराने दिलेला आकडा वापरू नका, त्याचा धंदा वेगळा असेल तर आकडाही वेगळा असणार.

अधिसूचना हाती आली की दोन गोष्टी बघा. एक, परिमंडळ, म्हणजे दरासाठी पाडलेला भौगोलिक विभाग. ते माणूस जिथे प्रत्यक्ष काम करतो त्या जागेवरून ठरतं, तुमच्या नोंदणीच्या पत्त्यावरून नाही. परिमंडळाची व्याख्या प्रत्येक अधिसूचनेत वेगळी असू शकते, तेव्हा ती वाचूनच घ्या. दोन, प्रवर्ग: कुशल, अर्धकुशल की अकुशल. इथे हुद्द्याचं नाव बघत नाहीत, काम बघतात. नेमणूकपत्रात 'मदतनीस' लिहून जो माणूस रोज संगणकावर बिलं करतो आणि हिशेब ठेवतो, तो अकुशल ठरत नाही.

इथे एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो: 'आपली माणसं कमी आहेत, गुमास्ता कायदा लागू नाही, म्हणजे किमान वेतनही नाही.' गुमास्ता कायदा म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७. त्यात दहा कामगारांची मर्यादा होती, ती २०२५ च्या दुरुस्तीने वीसवर गेली, हे खरं. त्याखालच्यांनी नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. पण किमान वेतनाला अशी माणसांची अट नाही. अनुसूचित उद्योगात एक माणूस ठेवला तरी त्याला तो दर द्यावा लागतो.

तिसरी पायरी: किमान वेतनाशी जुळवणी

सगळं घोडं इथे अडतं. मलाही हे नीट उमगायला बराच काळ लागला, कारण एका वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि सल्ला देणारे त्यातली एकच सांगतात.

पहिली गोष्ट विशेष भत्त्याची. अधिसूचनेत छापलेला दर हा फक्त मूळ दर असतो. महागाईच्या निर्देशांकावरून विशेष भत्ता ठरतो, तो वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, बदलतो. मूळ दर आणि त्या सहामाहीचा विशेष भत्ता मिळून तुमचं किमान वेतन होतं. मूळ दर वर्षानुवर्षं तोच राहतो, म्हणून पुष्कळ जण जुना कागद भिंतीला लावून निर्धास्त असतात आणि दरम्यान भत्ता वाढत गेलेला असतो. शिवाय भत्त्याचं परिपत्रक हाती येईपर्यंत बऱ्याचदा एखाद-दोन पगार होऊन गेलेले असतात. तरी दर लागू होतो तो १ तारखेपासूनच. मागचा फरक काढून पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत दाखवा. गुपचूप मिसळून दिलात तर वर्षभराने तो दिला होता हे सिद्ध करता येणार नाही. आणि पगारपत्रकात तुम्ही हौसेने घातलेला 'स्पेशल अलाउन्स' म्हणजे हा भत्ता नव्हे, त्या ओळीचं नाव आधी बदला.

दुसरी गोष्ट, किमान वेतनाशी नेमकं काय जुळवायचं. किमान वेतन अधिनियम, १९४८ मध्ये वेतनाच्या व्याख्येत घरभाडंही येत होतं, त्यामुळे एकूण बेरीज किमान दराच्या वर गेली की लोक निश्चिंत होत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. संहितेत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता (वरचा विशेष भत्ता यातच) आणि असलाच तर प्रतिधारण भत्ता, म्हणजे काम बंद असतानाही माणूस टिकवायला दिलेली रक्कम. घरभाडं, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस, मालकाने भरलेला भविष्य निर्वाह निधी हे सगळं वेतनाच्या बाहेर. जुन्या अधिसूचनांचे दर चालू राहिले, पण त्यांच्याशी तुलना करायचा पगार बदलला.

तिसरी गोष्ट पन्नास टक्क्यांची, आणि सगळ्यात जास्त नुकसान हिच्याबद्दलच्या अर्धवट माहितीने होतं. संहिता म्हणते की वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरायचा. यावरून सगळीकडे एक मंत्र फिरतोय: 'बेसिक पन्नास टक्के ठेवा, झालं.' कमी पगाराच्या माणसाच्या बाबतीत हा मंत्र धोक्याचा आहे. आकड्यांत बघा. हे आकडे फक्त मोजणीसाठी धरलेत, तुमचे अधिसूचनेतून घ्या.

समजा मूळ दर ९,००० आणि विशेष भत्ता ४,०००, म्हणजे किमान वेतन १३,००० रुपये. तुम्ही माणसाला देता १३,५००, असे: मूळ पगार ७,०००, घरभाडं ३,५००, प्रवास ३,०००. वगळलेल्या रकमा ६,५००. एकूणाचे निम्मे ६,७५०. वगळलेलं निम्म्याच्या आत आहे, म्हणजे पन्नास टक्क्यांची अट पाळली गेली. सल्लागार खूश. पण वेतन किती झालं? ७,०००. किमान किती हवं? १३,०००. दरमहा ६,००० रुपयांची तूट, आणि तीही खिशातून १३,५०० देऊन!

पन्नास टक्क्यांचा नियम वेतन किती धरायचं ते सांगतो, आणि ते धरलेलं वेतन किमान दराला पुरतं का, ही वेगळी परीक्षा आहे. एकीत पास झालात म्हणून दुसरीत पास होत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. किमान वेतनाच्या आसपास पगार असलेल्या माणसाचे तुकडे पाडूच नका. पगारपत्रकात दोनच ओळी ठेवा: मूळ वेतन आणि विशेष भत्ता, बेरीज किमान दराइतकी किंवा त्याहून जास्त. वरच्या उदाहरणात ९,५०० आणि ४,००० लिहिलं की तेच १३,५०० रुपये पूर्ण कायदेशीर होतात. तुमच्या खिशाला पगारात एका रुपयाचाही फरक पडत नाही. भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर त्याचा आधार वाढतो, हे मान्य, आणि तुकडे पाडण्यामागे हेतू बहुतेक वेळा तोच असतो. तो वाचलेला पैसा हिशेबात धरू नका. किमान दरापेक्षा कमी दिल्याचा दंड ५०,००० रुपयांपर्यंत आहे, दावा तीन वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो, आणि प्राधिकाऱ्याला दाव्याच्या रकमेवर दहा पटींपर्यंत भरपाई लावता येते.

'राहायची सोय आम्ही केलीय' हा युक्तिवादही हॉटेलवाल्यांकडून नेहमी येतो. दिलेल्या खोलीची किंमत वेतनात धरली जात नाही. तो विषय पगारपत्रकाबाहेर ठेवा. सीटीसी (माणसामागे मालकाला पडणारा एकूण खर्च) नावाचा आकडाही तसाच: नोकरी देताना सांगायला ठीक, किमान वेतन तपासायला निरुपयोगी.

चौथी पायरी: रोजाचा दर आणि खाडे

महिन्याचा दर भागिले २६. साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यातच आलेला असतो. वरच्या उदाहरणात किमान रोज ५०० रुपये. काही जण ३० ने भागतात आणि हजर दिवसांनी गुणतात: १३,००० भागिले ३०, गुणिले २४, म्हणजे १०,४००. दोनच खाडे झालेल्या माणसाचे २,६०० रुपये गेले. खरा हिशेब १२,००० चा आहे. भागायचं २६ ने तर मोजायचे कामाचे दिवस, ३० ने भागायचं तर साप्ताहिक सुट्ट्याही मोजायच्या. दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलायचं नाही.

उशिरा आला म्हणून सरसकट शंभर रुपये कापणं हाही मनाचा कारभार. गैरहजेरीच्या प्रमाणात कापता येतं, अर्धा तास उशीर तर अर्ध्या तासाचं. दंड हवा असेल तर त्याची रीत वेगळी आहे आणि मर्यादा वेतनाच्या ३ टक्के.

ओव्हरटाइम दुप्पट दराने. तो किमान वेतनाच्या बेरजेत घालू नका.

पाचवी पायरी: कपाती

व्यवसाय कर. राज्याचा १९७५ चा कायदा. पुरुषांना महिन्याच्या ७,५०० पगारापर्यंत शून्य, त्यापुढे १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्यावर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत काहीच नाही, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. टप्पा दर महिन्याच्या प्रत्यक्ष पगारावर ठरतो. एखाद्या महिन्यात एखादीचा पगार २६,००० झाला तर त्या महिन्यापुरता कर कापायचा, पुढच्या महिन्यात थांबवायचा. ६५ वर्षांवरच्या माणसाचा कापायचा नाही. घरभाडं धरून एकूण पगार इथे मोजतात, म्हणजे वेतनाचा अर्थ इथे तिसऱ्या पायरीपेक्षा वेगळा. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवा.

कामगारांचा कापलेला कर भरायला पीटीआरसी आणि तुमचा स्वतःचा भरायला पीटीईसी. दोन वेगळे क्रमांक, दोन वेगळी चलनं. एक काढलं म्हणजे दुसरं झालं असं समजून बसणाऱ्यांना पुढे व्याजासकट नोटीस येते. पीटीईसीचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत.

कामगार कल्याण निधी. पाच किंवा अधिक माणसं असतील तर. ३० जून आणि ३१ डिसेंबरला पटावर जो आहे त्याचे २५ रुपये, तुमचे ७५. भरायचे १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत. जुने १२ आणि ३६ रुपयांचे आकडे अजून तक्त्यांत फिरत असतात, ते २०२४ मध्ये बदलले. याच कायद्यातलं एक कलम फार कमी जणांना माहीत असतं: कामगाराचा न दिलेला पगार किंवा देणं तीन वर्षं पडून राहिलं तर ते महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जमा करावं लागतं. निघून गेलेल्या माणसाचा पगार तुमच्या मालकीचा होत नाही.

उचल. हप्ता आधी लेखी ठरवा. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ देऊ नका.

सहावी पायरी: पगार देणे

पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, शक्यतो बँकेतून, आणि पगारचिठ्ठीसह. व्हॉट्सअॅपवर 'पगार टाकला' एवढं पाठवणं म्हणजे पगारचिठ्ठी नाही. चिठ्ठीत हजर दिवस, मूळ वेतन, विशेष भत्ता, मागचा फरक, प्रत्येक कपात वेगळी.

कुणी नोकरी सोडली किंवा तुम्ही काढलं, तर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. 'महिनाअखेरीस सगळ्यांबरोबर घेऊन जा' आता चालत नाही. त्यामुळे राजीनामा हातात पडला त्याच दिवशी हजेरीपट बंद करून त्या माणसाची उचल, फरक आणि खाडे काढून ठेवा. आणि १ जानेवारी किंवा १ जुलैनंतर, नव्या भत्त्याचं परिपत्रक यायच्या आत गेलेल्यांची यादी वेगळी ठेवा. परिपत्रक आलं की त्यांचाही फरक निघतो आणि तो त्यांच्या खात्यात पाठवावा लागतो.