रुग्णाची नाडी, श्वास आणि रक्तदाब : मोजायचे कसे, वाचायचे कसे

तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब आणि रक्तातील ऑक्सिजन या पाच नोंदींना दवाखान्यात सर्रास 'व्हायटल्स' म्हटले जाते. प्रकृती ढासळू लागल्याची चाहूल बहुधा याच नोंदींतून आधी लागते. मात्र त्यासाठी मोजणी दर वेळी एकाच पद्धतीने व्हायला हवी आणि प्रत्येक आकडा त्याच रुग्णाच्या आधीच्या आकड्यांशी ताडून पाहायला हवा. खाली दिलेली प्रमाणे प्रौढ व्यक्तीची, विश्रांतीच्या अवस्थेतील आहेत.

सुरुवात नाडीपासून करावी. रुग्णाचा हात आधाराने सैल ठेवावा आणि अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी व मधले बोट हलकेच टेकवावे. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्यातील स्वतःचेच ठोके मोजले जाण्याचा संभव असतो. ठोके नियमित असतील तर 30 सेकंद मोजून दुप्पट केलेले चालतात. अनियमित असतील तर पूर्ण मिनिट मोजावे आणि अनियमितता नोंदवावी. मिनिटाला 60 ते 100 ठोके सामान्य मानले जातात. नियमित व्यायाम करणाऱ्यांची नाडी 60 च्या खाली असू शकते, तर तापात ती दर अंश सेल्सिअसमागे साधारण 10 ठोक्यांनी वाढते.

नाडी मोजून झाल्यावर बोटे मनगटावरून काढू नयेत. नाडीच पाहत असल्यासारखे राहून नजर छातीकडे किंवा पोटाकडे वळवावी आणि श्वास मोजावेत, कारण आपले श्वास मोजले जात आहेत हे कळताच माणसाच्या श्वासाची लय बदलते. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा आणि मोजणी पूर्ण एक मिनिट करावी. सामान्य वेग 12 ते 20 असतो. सर्वांत जास्त हेळसांड होते ती याच नोंदीची; न मोजताच 18 किंवा 20 लिहून टाकण्याची सवय फार घातक आहे, कारण फुफ्फुसांचा संसर्ग, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा शरीरातील वाढलेली आम्लता यांत रक्तदाब ठीक दिसत असतानाच श्वासाचा वेग वाढू लागलेला असतो. वेग 25 किंवा त्याहून अधिक, अथवा 8 किंवा त्याहून कमी आढळल्यास डॉक्टरांना तातडीने कळवावे.

रक्तदाबाच्या मोजणीत चुकीला सर्वाधिक वाव असतो. मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात रुग्णाने चहा, कॉफी किंवा धूम्रपान केलेले नसावे, लघवी तुंबलेली नसावी आणि त्याला पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ ठेवलेले आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. हात खाली लोंबत राहिला तर आकडा खोटाच जास्त येतो. दंडाच्या मानाने लहान पट्टा बांधल्यासही तसेच होते. पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर बांधावा. मोजताना बोलू नये, बोलू देऊ नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. 120/80 च्या खालचा रक्तदाब सामान्य समजतात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त भरत राहिल्यास उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. एकदाच वाढलेल्या आकड्यावरून घरच्या घरी गोळी वाढवू नये. उभे राहिल्यावर चक्कर येत असेल तर आडवे असताना आणि उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे; वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरणे ही सांगण्याजोगी बाब आहे.

तापमान तोंडात घ्यायचे असल्यास गरम किंवा थंड काही घेतल्यानंतर अर्धा तास थांबावे. काखेतील आकडा तोंडातल्यापेक्षा सुमारे अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो, म्हणून जागा नेहमी लिहावी. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्यावर ताप समजावा. वृद्धांना गंभीर संसर्गातही ताप न येण्याची शक्यता असते.

पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातील ऑक्सिजन मोजणारे बोटाचे यंत्र, लावण्यापूर्वी नेलपॉलिश पुसावे, बोट गार असल्यास ऊब द्यावी आणि आकडा स्थिरावल्यावरच लिहावा. 95 टक्के व त्यावर सामान्य. फुफ्फुसांच्या काही जुनाट आजारांत डॉक्टर 88 ते 92 हेच लक्ष्य ठरवतात. कोळशाच्या किंवा इंजिनाच्या धुरात गुदमरलेल्याच्या बाबतीत या यंत्रावर विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही ते ऑक्सिजनयुक्तच दाखवते.

आता या नोंदी एकत्र वाचाव्यात. सकाळी नाडी 78, दुपारी 96, संध्याकाळी 114 आणि रक्तदाब मात्र जवळपास तेवढाच, असा तक्ता दिसला तर रक्तदाबाकडे पाहून निश्चिंत राहू नये. रक्तस्राव झाला किंवा शरीरातील पाणी कमी झाले, तर शरीर आधी नाडी वाढवून रक्तदाब सावरून धरते. तो सावरणे थांबते तेव्हा उशीर झालेला असतो. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे, घेणाऱ्यांत नाडीची ही वाढ झाकली जाते, त्यामुळे चालू औषधे तक्त्याच्या माथ्यावरच लिहावीत. अशा रुग्णाचा हात गार व ओलसर लागणे, लघवी कमी होणे, नव्याने गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काहीही जोडीला असल्यास पुढच्या नोंदीची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे आणि केवळ शेवटचा आकडा न सांगता वेळेसह सकाळपासूनचे सर्व आकडे वाचून दाखवावेत.