जहाजावरचं इंग्रजी: 'जायला नको' दोन प्रकारचं असतं

रत्नागिरी, दापोली, मालवणकडून पहिल्यांदाच बाहेरच्या जहाजावर येणाऱ्या मुलांनो, इंग्रजीत तुमचं अडेल ते बहुधा 'नको'पाशी. आपलं 'नको' दोन कामं करतं. 'वारा सुटलाय, आज समुद्रात जायला नको' ही मनाई. 'घरात मासळी आहे, आज बाजारात जायला नको' म्हणजे नुसती गरज नाही. इंग्रजीत मनाईला 'मस्ट नॉट' आणि गरज नसेल तर 'डोन्ट हॅव टू'. बोसन, म्हणजे आपला सारंग, 'यू मस्ट नॉट एंटर द टँक' म्हणाला की आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. तो 'यू डोन्ट हॅव टू' म्हणाला असं समजून उतरलात तर जिवावर बेतेल. शंका आली तर लाजू नका, तिथंच विचारा: 'इज इट फॉरबिडन, ऑर जस्ट नॉट नेसेसरी?'

'मस्ट'च्या पुढे 'टू' लावायचा नाही: 'आय मस्ट गो', पण 'आय हॅव टू गो', 'ही हॅज टू गो'. काल जावं लागलं असेल तर 'आय हॅड टू गो'. 'ही मस्ट हॅव गॉन' म्हणजे तो गेला असणार. त्यात सक्ती नाही, अंदाज आहे.

'शुड' म्हणजे 'केलेलं बरं'. पण वरिष्ठ 'यू शुड चेक द गँगवे' (गँगवे म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याची शिडी) म्हणाले तर हुकूम समजूनच उठा. नियमांच्या पुस्तकात 'शॅल' दिसेल. 1972च्या टक्कर टाळण्याच्या नियमांत तो पानोपानी आहे आणि त्याचा अर्थ एकच, करायलाच हवं. पाचव्या नियमात प्रत्येक जहाजाने सतत चोख पहारा ठेवायचा, तो याच 'शॅल'ने.

परवानगी मागताना मेसमध्ये 'कॅन आय?' चालतं, अधिकाऱ्याशी 'मे आय?' बरं. व्हीएचएफवर, म्हणजे जहाजाच्या रेडिओवर, मात्र दोन्ही टाळा. 'मे'मधून परवानगीही निघते आणि शक्यताही, आणि खरखरीत आवाजात चुकीचा अर्थ घेतला जातो. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली ठरावीक वाक्यं स्वीकारली. फेअरवेत, म्हणजे जहाजांच्या खोल वाटेत, शिरायचं असेल तर म्हणा, 'क्वेश्चन. इज इट परमिटेड टू एंटर द फेअरवे?' उत्तर येईल, 'आन्सर. इट इज परमिटेड.' धोका दिसला तर 'यू कुड बी' असं अर्धवट बोलू नका. सरळ सांगा: 'वॉर्निंग. यू आर रनिंग इनटू डेंजर.'